नैवेद्याआधीचे ताट

मी रोडगा फेकला नाही. हे सर्वांत आधी नोंदवून ठेवतो, कारण पिंपळगाव राजापासून खामगावच्या भाजीबाजारापर्यंत ती गोष्ट याच रूपात फिरते आहे : म्हातारा नास्तिक, मारोतीच्या पंगतीत त्याला रोडगा वाढला, तर त्याने तो मातीत भिरकावला. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलाकडे याच प्रसंगाची दुसरी आवृत्ती आहे. तीत मी तत्त्वासाठी पंगतीतून उठलो. तिसरी आवृत्ती अलीकडची असून भाविकांना ती फार आवडते : म्हातारा अखेर वळला, देवाचे अन्न तोंडात घालताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पाणी आले होते, हे खरे. गोवऱ्यांचा धूर होता, आणि त्या दिवशी तिथे पाणी न आलेला एकही डोळा नव्हता.

मी देव मानत नाही. असे का, म्हणून विचारणारे लोक उत्तराची वाट न पाहता माझ्या आयुष्यात एखादे दुःख शोधू लागतात. जणू विश्वास नसणे हा एखाद्या जुन्या जखमेचा व्रणच असला पाहिजे. तसे काही नाही. खामगावला महाविद्यालयात शिकत असताना मी या विषयाचा विचार केला, मला ते पटले नाही, मी सोडून दिले. त्या दिवशी आकाश कोसळले नाही. मी खानावळीत जेवलो आणि झोपलो. पदवी घेऊन गावी परतलो, वडिलांचा भाजीचा मळा हाती घेतला, वांगी, मेथी, कांदे पिकवले, कोरडवाहू तुकड्यात कपाशी लावली, आणि बरीच वर्षे गावच्या वाचनालयाची चिटणिशीही सांभाळली. माझे मत मी कधी लपवले नाही. माझ्या पत्नीचे देवघर आमच्याच घरात आहे आणि तिथला दिवा एकही संध्याकाळ चुकलेला नाही. तिचे म्हणणे एवढेच, "तुमी मानत नाही ते देवाले मालूम आहे. मंग जगाले काऊन सांगत फिरता?"

आता प्रश्न असा, की आजूबाजूला अष्टौप्रहर देवाचे नाव चालू असताना माझ्यासारख्याला त्रास होतो किंवा नाही. आमच्या जिल्ह्यात फोन उचलल्यावर 'हॅलो' क्वचितच ऐकू येते. तिथे 'जय गजानन' असते. बांधावर 'राम राम' असतो. बाजारात व्यापाऱ्याने पहिल्या विक्रीचे पैसे कपाळाला लावले की उदबत्तीचा धूर माझ्याही टोपलीवरून फिरतो. कोणी कुठून तरी देवदर्शन करून आला की साखरफुटाणे मुठीत येतात, आणि मुठीत आलेले साखरफुटाणे मी खातो, कारण ते गोड असतात. राम राम घालणारा मला रामाविषयी काही विचारत नसतो. तू दिसलास, मी दिसलो, दोघेही अजून आहोत, एवढाच त्याचा अर्थ. आणि आमच्या वयात ती बातमी लहान नव्हे. मी जन्मभर त्याला उलट राम रामच घातला. त्याने माझ्या मताचा टवकाही उडाला नाही. एवढ्याने उडणारे मत असते, तर ते मी ठेवलेच नसते.

त्रास मला होतो, पण निराळ्या जागी. पत्नीच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले तेव्हा डॉक्टरांनी छताकडे बोट दाखवून "बाकी सगळं त्याच्या हातात" असे म्हटले. मी त्यांना विचारले, "वरच्या मजल्यावर कोण बसतात?" पत्नीने मला बाहेर पाठवले. डॉक्टरांचे ते वाक्य सौजन्याचे होते, असे सगळे म्हणतात. माझ्या मते नव्हते. ज्याच्या हातात सुरी आहे त्याने आपल्या हाताविषयी बोलावे.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण माझा शेजारी. त्याचा मळा आणि माझा मळा यांच्यामध्ये एकच बांध आहे. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो, तो मला 'बे' म्हणतो. त्याच्या शेतात कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला मारोती आहे, आणि दरवर्षी पौषातल्या एका शनिवारी तिथे रोडग्यांचा स्वयंपाक होतो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख फडक्याने झाडायची, आणि वरण, वांग्याची भाजी आणि तूप यांच्याबरोबर खायचे. पहिला घाणा निघाला की नैवेद्य जातो; दुसरा घाणा विस्तवात असतानाच आरती सुरू होते. आणि इथेच माझी जागा होती. आरतीच्या वेळी विस्तवाशी कोणी तरी बसावे लागते, नाही तर रोडगे करपतात. भाविक माणूस तिथे बसायला नाखूश असतो. मी बसत असे. ते टाळ्या वाजवत, मी लांब काठीने रोडगे फिरवत असे. चाळीसेक वर्षे ही व्यवस्था चालली. ती कोणी ठरवली नव्हती, आणि तीत कोणाची अडचण आहे असे कोणाला वाटलेही नव्हते.

या वर्षी दिवाळीनंतर काही तरी बिघडले. दादाने बांधावर मला राम राम घालणे बंद केले. पहिल्या दिवशी तो "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडून "नमस्कार" केला, बँकेच्या साहेबाला करतात तसा. मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. फोन केला तर पलीकडून "हॅलो". दादाच्या तोंडून हॅलो मी जन्मात ऐकला नव्हता. चुकीचा नंबर लागला असे समजून मी फोन ठेवला.

त्यांच्या घरी कोणी देवदर्शनाहून आले, तेव्हा प्रसाद आमच्याकडे आला, पण पत्नीच्या हातात, आणि तोही मी मळ्यात गेलेला पाहून. पौष लागला तरी रोडग्यांसाठी वांगी हवी असल्याचा निरोप आला नाही. ही वांगी माझ्याच मळ्यातली जात आली आहेत. मी फाट्यावर उभा असताना दादाच्या मोटारसायकलला लटकलेली पिशवी पाहिली. तीत बाजारातली वांगी होती : मोठी, जांभळी, बियांनी भरलेली, भाजीत घातली तर दातांत अडकतील अशी.

शुक्रवारी संध्याकाळी आवतन आले. आमच्याकडे आवतन म्हणजे जेवणाचे बोलावणे, आणि रोडग्यांचे आवतन चुलबंद असते. त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. दादा अंगणात आला, मी ओसरीवर बसलेलो असताना माझ्याकडे न पाहता पत्नीला म्हणाला, "वयनी, उद्या रोडगे आहेत. तुमी या. याच्यासाठी डबा धाडतो."

तो गेल्यावर मी पत्नीला विचारले, "डबा कोणाला धाडतात? बाळंतिणीला. मी बाळंतीण आहे काय?"

तिला कारण माहीत होते. दादाच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने, तिला विहिरीवर सांगितले होते. दिवाळीला आमचा मुलगा पुण्याहून आला असताना दादाने त्याच्यासमोर मला राम राम घातला होता. मी पुढे गेल्यावर मुलगा दादाला म्हणाला होता, "काका, तुम्ही रोज बाबांना राम राम घालता, प्रसाद देता. ते नास्तिक आहेत. बोलत नाहीत, पण अशा माणसाला त्याचा त्रास होतो. इतकी वर्षं सहन करत आले आहेत."

मी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, पण होतोच ना त्रास? मला होतो. ऑफिसात दरवर्षी पूजा असते, मी मागे उभा राहिलो की सगळे वळून बघतात. यंदा तर साहेबांनी मलाच पूजेला बसवायचं ठरवलं होतं."

त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्या ठिकाणी पगार देणारा हात प्रसादही देतो, त्या ठिकाणी तो प्रसाद नाकारणे अवघड असते, हे मला समजते. पण मी त्याला स्पष्ट सांगितले, "तुझा त्रास तुझा आहे. तो माझ्या नावावर का चढवलास?" तो म्हणाला, "मी तुमच्या भल्यासाठीच बोललो." माझ्या भल्यासाठी माझ्या पाठीमागे बोलणाऱ्यांमध्ये आणि देवामध्ये मला फारसा फरक दिसत नाही, तेही मी त्याला सांगितले. त्याने फोन ठेवला.

शनिवारी मी गेलो. आवतनाशिवाय गेलो, असे जे म्हणतात, ते चूक आहे. चुलबंद आवतन घराला असते आणि घरात मी राहतो.

कडुनिंबाखाली धूर मातला होता. विस्तवाशी या वर्षी दादाच्या जावयाला बसवले होते. तो दोन्ही हातांनी काठी धरून, मान मागे घेऊन, साप मारावा तसे रोडगे हलवत होता. मी त्याच्या हातातून काठी घेतली आणि बसलो. जावई आनंदाने आरतीला पळाला. दादाने मला पाहिले आणि आरतीचे ताट उचलले. आरती झाली, नारळ फुटला. दुसरा घाणा मी काढला. एकही रोडगा करपला नव्हता. हे सांगणारा गावात कोणी भेटणार नाही, म्हणून मी सांगतो.

पंगत बसली. पत्रावळी पडल्या, वाढपी ओळीने येऊ लागले. माझ्या शेजारच्याला रोडगा वाढला, माझ्या पत्रावळीवरून हात तसाच पुढे गेला, पलीकडच्याला वाढला. मला वाटले, नजरचुकीने राहिले असेल. तेवढ्यात वहिनी मागून आली. तिच्या हातात स्टीलचे ताट होते, वर दुसरे ताट झाकलेले. ती वाकून हळूच म्हणाली, "भाऊजी, हे तुमचं. निवद दाखवाच्या आधी काढून ठेवलं. याले देवाचं काईच लागलं नाही."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटले आहे, पण असे ताट माझ्यासमोर कोणी ठेवले नव्हते. ओळीतल्या प्रत्येकापुढे पत्रावळ आणि माझ्यापुढे निराळे ताट. निराळे ताट कोणाला देतात, निराळा पेला कोणाला देत असत, हे या भागात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मी ते ताट दोन्ही हातांनी मागे सारले. ते तिरके झाले, आणि वरचा रोडगा घरंगळून मातीत गेला. फेकणे आणि घरंगळणे यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी साक्ष देऊ नये.

मी उठून उभा राहिलो. "मले वेगळं ताट काऊन?" मी विचारले. आवाज मोठा होता, हे मान्य.

सगळी पंगत थांबली. दादा तुपाचे भांडे घेऊन ओळीच्या टोकाला होता. तो तसाच चालत आला.

"वरडतो काऊन बे?" तो म्हणाला. "देवाचं तुले चालत नाही म्हणे. मंग आमी काय कराव? तुह्या तोंडात देव कोंबाव?"

"इतकी वर्षं खाल्लं तवा चालत होतं ना?"

"तेच तं!" दादाच्या हातातले भांडे हलले, तूप त्याच्या धोतरावर सांडले, त्याने पाहिले नाही. "तवा तू सहन करून राह्यला होता म्हणे. मी रोज बांधावर तुले राम राम घातला, अन् तू मनात दात खात होता. माह्या घरचं खाल्लं, ते बी दात खातच. तुह्या पोरानं सांगतलं तवापासून मले झोप नाही. येवढी वर्षं मी कोनासंगं बोललो मंग?"

माझ्या लक्षात आले की इथे माझ्या ताटापेक्षा मोठा प्रश्न उभा आहे. त्याने मला दूर केले नव्हते. मीच जन्मभर त्याच्यापासून दूर होतो आणि तोंडदेखले हसत होतो, असे त्याला वाटत होते. आणि हा आरोप देव मानण्या-न-मानण्याहून कितीतरी गंभीर होता. त्याला उत्तर देणे भाग होते, आणि ते तत्त्वज्ञानात देता येण्यासारखे नव्हते.

मी म्हणालो, "दादा, तुह्या पोरीच्या लग्नात वरण खारट झालं होतं का नाही?"

"झालं होतं. त्याचं इथं काय?"

"ते कोनं सांगतलं?"

पंगतीतून कोणी तरी म्हणाले, "यानंच सांगतलं. मांडवात उभं राहून सांगतलं. नवरदेवाकडचे सारे पाहून राह्यले होते."

"तुवा बैलजोडी घेतली तवा डाव्या बैलाच्या पायात खोट आहे, ते कोनं सांगतलं?"

"तूच. भर बाजारात. व्यापाऱ्यासमोर," दादा म्हणाला.

"अन् तुह्या नव्या घराच्या वास्तूले?"

"जिना अरुंद हाये म्हने," वहिनी मागून म्हणाली. "मी पुरनाचं ताट घेऊन उभी, अन् भाऊजी जिना मोजून राह्यले."

"मंग?" मी म्हणालो. "ज्या माणसानं तुले वरणातलं मीठ सोडलं नाही, तो तुहा राम राम येवढी वर्षं गुपचूप सहन करीन? मले त्रास झाला असता तं पहिल्याच दिवशी तुले बांधावर उभं केलं नसतं?"

आधी जावई हसला, मग सगळी पंगत. दादा हसला नाही. तो माझ्याकडे पाहत उभा राहिला, एखादा हिशेब पुन्हा तपासावा तसा. मग म्हणाला, "हे खरं आहे. तुह्या पोटात काहीच राहत नाही."

हे माझ्या स्तुतीसाठी बोलले गेले नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्याविषयी उच्चारलेल्या वाक्यांपैकी ते मला सर्वांत योग्य वाटते.

आता त्या ताटाचे काय करायचे, हा प्रश्न उरला. त्यात अजून दोन रोडगे आणि वांग्याची भाजी होती. वहिनी ते उचलून उभी होती आणि तिला ते कुठे ठेवावे हे कळत नव्हते. प्रसादाच्या टोपलीत ते मिसळता येत नव्हते. टाकता येत नव्हते. ती म्हणाली, "भाऊजी, मी सून म्हणून या घरी आली तवापासून निवदाच्या आधी एक घास कोनाले देल्ला नाही. लेकरं रडत होती, तरी नाही. आज पयल्यांदा काढला. सासू असती तं मले घरात घेतलं नसतं."

या प्रसंगाच्या ज्या तीन आवृत्त्या फिरतात, त्यांपैकी एकीतही हे वाक्य नाही. एका बाईने आपल्या देवाला थांबवले आणि देव न मानणाऱ्याचे आधी काढले. तिने काढायला नको होते, ती पद्धत चूक होती, आणि ते मी तिला तिथेच सांगितले. पण भाविकांनी माझ्यासाठी आजवर जे काही केले, त्यात याहून मोठे काही मला आठवत नाही. तेही मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मंग आधी वरडले काऊन?" मी पुन्हा पंगतीत बसलो.

दादाने ताट तिच्या हातातून घेतले. "आन इकडं," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारच्याला सरकवून तिथे मांडी घातली. "हे मी खातो. मारोती काही उपाशी राह्यला नाही, त्याच्यासाठी टोपलं भरून होतं." त्याने नैवेद्याआधीचा रोडगा फोडला आणि त्यावर तूप ओतले. माझ्या पत्रावळीवर नैवेद्याचा रोडगा पडला. अशा रीतीने त्या दिवशी देव मानणाऱ्याने देवाला न दाखवलेले खाल्ले आणि न मानणाऱ्याने दाखवलेले. दोन्हींची चव सारखीच होती, कारण दोन्ही एकाच विस्तवातून निघाले होते. भाजीविषयी मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बाजारातून वांगी आणणाऱ्याला ते पोचले आहे.

हात धुताना दादा म्हणाला, "पाह्य बे, आजून काही असन तं आत्ताच सांगून टाक. शेंदूर, नारळ, घंटी, काही बी. पुन्हा पोराच्या तोंडून आयकाची पाळी नको."

मी प्रामाणिकपणे विचार केला. एक गोष्ट होती. त्याच्या मळ्यातल्या खांबाला या दिवाळीनंतर एक लहान भोंगा बांधलेला आहे आणि त्यावर पहाटेपासून भजने लागतात. "तेवढं एक आहे," मी म्हणालो. "माणूस चार घटका शांत बसतो, त्याच्या कानात काऊन वाजवतो? तुह्या देवाले कमी आयकू येते काय?"

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "अबे, ते देवासाठी कुठं आहे?" तो म्हणाला. "रानडुकरं येत नाहीत त्यानं. आधी सिनेमाची गाणी लावून पाह्यली, त्याईले ते सवयीचं झालं. भजनात टाळ असतात, त्याले भेतात."

मी त्याला विचारले की त्याच्या हरभऱ्यात डुकरे खरोखरच शिरलेली नाहीत काय. तो म्हणाला, एकही नाही. माझ्या वांग्यांची मात्र त्यांनी त्या आठवड्यात दोनदा नासधूस केली होती.

"मंग तो भोंगा माह्या बांधाकडं फिरव," मी म्हणालो.

त्याने त्याच दिवशी तो फिरवला. तेव्हापासून भोंगा माझ्या मळ्याकडे तोंड करून आहे आणि पहाटेची भजने थेट माझ्या वांग्यांवर पडतात. त्यावरून गावाने माझ्याविषयी काय अर्थ काढला आहे, तो माझ्या कानावर आलेला आहे, आणि तो चूक आहे.